हॉगार्थचा 1735चा कायदा : चित्रकाराचा विजय की दुकानदाराची सोय?

शाईचा_डाग
एका ग्रुपवर परत तेच वाचलं, की अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थने लंडनच्या पार्लमेंटकडून एन्ग्रेव्हिंगचा (तांब्याच्या प्लेटवर चित्र कोरून कागदावर छापायचं, त्याचा) कॉपीराइट कायदा करून घेतला आणि कलाकार प्रिंटवाल्यांच्या तावडीतून सुटले. मला हे पटत नाही म्हणून धागा काढतोय.

अन्याय झाला होता हे मान्यच. 1732 मध्ये त्याने 'हार्लट्स प्रोग्रेस' या चित्रमालिकेची सहा प्रिंट्स एका गिनीला (म्हणजे 21 शिलिंगला), आगाऊ वर्गणी घेऊन विकली, बाराशेच्या वर सेट खपले आणि लगेच बाजारात नकला आल्या. म्हणून 1735चा कायदा. 14 वर्षं हक्क, नक्कल सापडली तर प्लेट नष्ट आणि दर छापील कागदामागे 5 शिलिंग दंड. पण मेख अशी की हक्क मिळाला तो स्वतःचं डिझाइन करणाऱ्याला. दुसऱ्याचं पेंटिंग समोर ठेवून महिनोन्‌महिने तांब्यावर ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) चालवणारा माणूस बाहेरच राहिला, त्याला आत घ्यायला 1767 उजाडलं. रॉयल अकॅडमी 1768ला निघाली तिथेही एन्ग्रेव्हरला पूर्ण सभासद करून घेत नव्हते. आणि नोटा मोजल्या कोणी तर जॉन बॉइडेलसारख्या प्रकाशकांनी.

ताम्रपट
कायदा नसता तर काय झालं असतं ते सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकार ड्युररला विचारा. त्याच्या लाकडी ठशांवरच्या प्रिंट्स मार्कअँटोनियो रायमोंदी या एन्ग्रेव्हरने इटलीत तांब्यावर उतरवून विकल्या, वर ड्युररच्या आद्याक्षरांचा तो AD शिक्कासुद्धा जसाच्या तसा. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वझारी सांगतो की व्हेनिसमध्ये तक्रार केल्यावर निकाल एवढाच लागला की शिक्का वापरू नका, चित्र खुशाल वापरा. वझारीच्या गोष्टी मीठ लावूनच ऐकायच्या, पण 1511च्या पुस्तकात ड्युररने स्वतः चोरांना दम भरलाय, बादशहा मॅक्सिमिलियनचं नाव पुढे करून. म्हणजे राजाची मर्जी असेल तरच संरक्षण. हॉगार्थने ते कोणालाही मिळेल असं केलं, ही छोटी गोष्ट आहे का?

शाईचा_डाग
कोणालाही कुठे, डिझाइन करणाऱ्याला!! आणि हॉगार्थही काही साधुसंत नव्हता हो. 'रेक्स प्रोग्रेस' ही पुढची मालिका त्याने कायदा लागू व्हायची वाट बघत मुद्दाम रोखून धरलं, तर काही मंडळी गिऱ्हाईक बनून त्याच्याकडे पेंटिंग्ज बघून आली आणि आठवणीवरून नकला काढून त्याच्याआधीच बाजारात. मग त्याने काय केलं, थॉमस बेकवेल नावाच्या प्रिंटवाल्याला हाताशी धरून स्वतःच्याच मालाची अडीच शिलिंगवाली स्वस्त नक्कल काढली. मूळ सेट दोन गिनीला. श्रीमंताला एक, गरिबाला एक. यालाच मी दुकानदारी म्हणतोय.

खवचट_काकू
बरं मग दुकानदारी केली तर बिघडलं काय, त्याने चित्रं काढून उपाशी मरायचं होतं का :D

माझ्याकडे हॉगार्थची एक नंतरच्या काळातली छाप आहे, जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलेली, फार भारी नाही. खाली कडेला बारीक अक्षरात पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रकाशित आणि तारीख. ती ओळ नसेल तर हक्क सांगता यायचा नाही, म्हणून कोरलेली. भिंगातून बघितलं तर सावलीतल्या रेघा तुटक झाल्यात, कारण तांबं मऊ, दर छापेला झिजतं, मग रेघा परत खोल करायच्या आणि पुन्हा छापायच्या. पहिल्या शंभरातली छाप आणि ही, दोन्ही शेजारी ठेवल्या तर एकच चित्र वाटणार नाही. आणि चोरांची अजून एक खूण, छापलेल्या कागदावरून घाईत तसंच्या तसं प्लेटवर उतरवलं की नक्कल आरशातल्यासारखी उलटी येते.

ताम्रपट
काकू, फोटो टाका ना.

आणि डाग, बॉइडेलचं म्हणाल तर अर्धीच गोष्ट सांगताय. चित्रकार बेंजामिन वेस्टचं 'जनरल वुल्फचा मृत्यू' हे पेंटिंग 1776ला प्रिंट होऊन आलं त्यात बॉइडेलने 15000 पौंड कमावले असं सांगतात, खरंय. पण कोरणारा विल्यम वूलेट त्यात भागीदार होता आणि त्यालाही 6-7 हजार पौंड मिळाल्याचं लिहिलेलं आहे. तेव्हा एवढे पैसे कुठल्या पेंटरला मिळत होते?

शाईचा_डाग
वूलेट मोठा झाल्यावर भागीदार झाला. 1761च्या 'नायोबी' या प्रिंटसाठी याच बॉइडेलने त्याला साधारण शंभर पौंड दिले आणि स्वतः दोन हजारांच्या घरात कमावले. बाकी झाडं-आभाळ भरणारे हाताखालचे लोक तर प्लेटच्या कोपऱ्यातल्या नावांतही सापडत नाहीत.

आपल्याकडचंच घ्या. पुण्यात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट (वकील) मॅलेटच्या पदरी गंगाराम तांबटने वेरूळची चित्रं काढली, ती आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. 1803ला लंडनमध्ये वेरूळच्या प्रिंट्सचा मोठा संच निघाला तो जेम्स वेल्स या चित्रकाराच्या ड्रॉइंगवरून, थॉमस डॅनियलनी कोरलेला. गंगारामच्या नावाने असं काही निघालं का?

ताम्रपट
गंगारामचं दुःख मलाही आहे पण त्यात कायद्याचा काय दोष, तो कंपनीच्या रेसिडेंटचा पगारी माणूस होता. आणि बॉइडेलला खलनायक करू नका. शेक्सपिअरच्या नाटकांवरच्या चित्रांची गॅलरी 1789ला उघडली, तिच्यात पैसा ओतला, पेंटर आणि एन्ग्रेव्हर दोघांना काम दिलं, आणि 1793ला फ्रान्सशी युद्ध लागल्यावर युरोपातलं गिऱ्हाईक तुटलं. शेवटी अख्खी गॅलरी लॉटरीत काढावी लागली, 3 गिनीचं एक अशी 22000 तिकिटं, आणि सोडत 1805ला निघायच्या आधीच म्हातारा गेला.

खवचट_काकू
तिकिटं सगळी खपली हे पण सांगा की. म्हणजे कर्ज फिटलं. मरता मरताही धंदा जमला त्याला.

शाईचा_डाग
काकू तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात

खवचट_काकू
हॉगार्थच्या बायकोच्या. नवरा 1764ला गेल्यावर जेनने घरूनच प्रिंट्स विकल्या आणि त्या 1767च्या कायद्यात पार्लमेंटने तिला खास 20 वर्षांचा हक्क दिला. त्याच कायद्यात डागचे कारागीरही आत आले. फोटो रात्री टाकते, आत्ता लाइट गेलेत.