एअर रायफलच्या दस्त्यात पितळी पट्टी बुडवायची आहे, राउटर की पटाशी?

यावलकर_७७
राम राम मंडळी. आमच्याकडे वडिलांच्या वेळची स्प्रिंगची एअर रायफल आहे, नळी मोडून छर्रा भरायची ती, ४.५ एमएम. दस्ता मुठीपाशी चिरला होता. गावातलं जुनं धाब्याचं घर उतरवलं त्यात सागाची तुळई मिळाली, तिच्यातून नवा दस्ता काढला, तो झालाय मस्त. आता राहिलं बारीक काम. चापाच्या गार्डची पितळी पट्टी, २ एमएम जाड, दोन्ही टोकं गोल, ती लाकडात बुडवून सपाटीला आणायची आहे, आणि बाजूच्या स्क्रूंखाली पितळी वाट्या. सुतारभाऊ म्हणतात राउटर (खाच कोरायचं विजेचं मशीन) फिरवतो, पाच मिन्टात मोकळं. पण त्यांनी बसवलेल्या बिजागऱ्या बघितल्यात, कडेला फट, अन फटीत भुसा-फेविकॉल. मला ती फट नकोय. हाताने करायचं तर सुरुवात कुठून करू, आणि पट्टी नीट बसली का नाही हे कळतं कसं? घाई नाही, कापूस वेचून झालाय.

कानसवाला_भुसावळ
भाऊ आधी लाकडाला हात लावू नका, आधी पट्टी बघा. बाजारातल्या पट्टीची कड सरळ उभी असते, किंवा कापताना खाली बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिलेली असते. कानशीने सगळीकडून कड किंचित तिरपी करून घ्या, वरचा भाग मोठा खालचा केसभर लहान, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढाच उतार. मग पट्टी जसजशी खाली जाते तसतशी फट आपोआप भरत जाते. सरळ कडेची पट्टी बसवली तर पहिल्यांदा कुठे जास्त कापलं गेलं ते शेवटपर्यंत दिसतं.

मग एका भोकातून स्क्रू टाकून पट्टी जागेवर पक्की करा, म्हणजे दरवेळी काढून घातली तरी त्याच जागी येईल. आखायला पेन्सिल नको, तिची रेघच अर्धा एमएम असते, धारदार चाकूच्या टोकाने पट्टीच्या कडेला चिकटून रेघ मारा, आणि आखताना पट्टी सुलटीच ठेवा, लहान बाजू लाकडाला टेकलेली, अन चाकूचं टोक खालच्या कडेला लावा म्हणजे लहान बाजूची रेघ मिळेल. पुढे पटाशी. लाकडाच्या तंतूंना आडव्या रेषांवरचे घाव आधी, दोन्ही टोकांना, मग तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या रेषांच्या बाजूचे. उलटं केलं की सागाची ढलपी रेघेच्या बाहेरपर्यंत उडते आणि ती परत चिकटवत बसावं लागतं. टोकं गोल आहेत तर तिथे सरळ पटाशी चालणार नाही, त्याच गोलाईची गोल पटाशी पाहिजे, नसेल तर ६ एमएमच्या पटाशीने बारीक बारीक घाव देत फिरा.

खोली पट्टीच्या जाडीच्या जवळ आली की काजळी. पट्टी सांडशीत धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर फिरवायची, पातळ थर, खालचं पितळ झळकत राहिलं पाहिजे. थंड होऊ द्या, जागेवर ठेवून लाकडी ठोकळ्याने वरून एकदाच ठोका आणि सरळ वर काढा. जिथे लाकूड काळं झालं तेवढंच खरवडायचं, बाकीला हात नाही. परत धुरावर, परत ठोका. हे कंटाळवाणं आहे पण ह्यालाच बसवणं म्हणतात, मोजमाप इथे काही कामाचं नाही.

यावलकर_७७
एकदम सविस्तर, धन्यवाद दादा. घरात डबीतलं काजळ आहे, ते चोपडलं तर चालेल का? आणि पट्टी सरळ वर काढायची म्हणता, ती आत अडकते, नखाने निघत नाही.

कानसवाला_भुसावळ
डबीतलं नको, त्यात तेल-मेण असतं, जाड बसतं अन सगळीकडे डाग पडतात, मग खरं टेकलं कुठे ते कळत नाही. लिपस्टिकही लावतात काही जण, पण लाल डाग सागात गेला की निघत नाही. काढायला पट्टीच्या भोकात लांब स्क्रू दोन आटे फिरवून तोच दांडा धरा. हलवून हलवून काढू नका, त्याने वरची कड गोल होते आणि फट तिथेच जन्माला येते.

धुळेकर_वर्कशॉप
एवढं कोण करतं राव. खाच थोडी मोठी करा, एपॉक्सी भरा, पट्टीला मेण लावून बसवा, दुसऱ्या दिवशी काढा, काम तमाम. रायफलवाले सगळे असंच करतात.

कानसवाला_भुसावळ
@धुळेकर ते करतात रिसीव्हरच्या (स्प्रिंग-पिस्टन असतो त्या लोखंडी भागाच्या) बैठकीला, तिथे एपॉक्सी बरोबरच आहे. स्प्रिंगच्या रायफलीला झटका दोन्हीकडे असतो, पिस्टन सुटला की मागे आणि नळीच्या मागच्या तोंडाशी आपटला की पुढे, म्हणून स्क्रू ढिले होतात अन दस्ता चिरतो. तिथे घट्ट बैठक हवीच. गार्डच्या पट्टीच्या कडेला मात्र एपॉक्सीची रेघ कायम दिसणार, आणि सागात तेल असल्यामुळे आधी थिनरने पुसून घेतल्याशिवाय ते नीट धरतही नाही.

सातपुडा_लाकूड
सागाबद्दल एक सांगतो भो. सागात वाळूसारखे बारीक कण असतात, पटाशीची धार पटकन बसते. दगड शेजारीच ठेवायचा, थोडं कापलं की दोन हात मारायचे. बोथट पटाशी जोर मागते अन जोर लावला की ती घसरते. आमच्याकडे अंजनाच्या लाकडावर काम केलेली माणसं साग म्हणजे लोणी म्हणतात, पण धारेच्या बाबतीत तोही कमी नाही. दुसरं, जळगावचा मे आणि ऑगस्ट एकसारखे नसतात. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. अगदी गच्च ठोकून बसवली तर हवा बदलून लाकूड हललं की त्रास होतो. म्हणून पट्टी हाताच्या दाबाने जाईल इतकीच ठेवा, आणि खाचेच्या आतून चपड्याचं (लाखेचं) पातळ पॉलिश दोनदा मारा, बाहेरून मारतात तसंच आतूनही. आरामशीर करा, घाईमा काम बिघडस.

यावलकर_७७
पट्टी किंचित वर राहिली तर घासून सपाट करू ना?

कानसवाला_भुसावळ
उलट, थोडी वर ठेवाच, केसभर. मग कानशीने पितळ खाली आणा, पॉलिश पेपर लावायचा तर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटाने घासलं तर लाकूड मऊ म्हणून लवकर झिजतं, पट्टीच्या भोवती खळगा पडतो आणि पॉलिशनंतर उजेडात तो लगेच दिसतो. पितळी स्क्रू लावताना आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून आतबाहेर करा, तो आटे पाडून देतो. पितळी सरळ फिरवला तर डोकं तुटून हातात येतं. हो, आणि हे सगळं नळी-रिसीव्हर दस्त्यातून काढून ठेवल्यावर. छर्रा नाही ना बघून घ्या, स्प्रिंग उघडायच्या भानगडीत पडू नका.