उबुंटूवर दुसरी ड्राइव्ह आपोआप माउंट व्हावी, शॉर्टकटही चालावेत: सल्ला हवा

नुकतंच उबुंटू (लिनक्स) टाकलं आहे, शेजारी विंडोजही ठेवलं आहे. सिस्टीम एसएसडीवर आणि फोटो, गाणी, कागदपत्रं जुन्या हार्ड डिस्कवर, एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीत. लॉगिन केल्यावर फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर क्लिक करेपर्यंत ती माउंटच होत नाही, म्हणजे वापरासाठी जोडली जात नाही. त्यामुळे प्लेअरला गाणी सापडत नाहीत आणि डेस्कटॉपवर केलेली फोल्डरची लिंक तुटलेली दिसते. एका प्रोग्रॅमसाठी डॉट-डेस्कटॉप फाइल (प्रोग्रॅम सुरू करणारा शॉर्टकट) लिहिली, तर डबल क्लिकवर तिच्यातला मजकूरच उघडतो. एफएसटॅबमध्ये (बूट होताना माउंट करायच्या ड्राइव्हच्या यादीची फाइल) चूक झाली तर मशीन सुरूच होत नाही असं वाचल्यामुळे तिकडे हात लावलेला नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १
शॉर्टकट राहू द्या, आधी माउंट पक्कं करा. ड्राइव्हची जागा ठरलेली असली की लिंक तुटत नाही.

नव्या माणसाला मी 'डिस्क्स' हे अ‍ॅपच सुचवेन. पार्टिशन निवडा, गिअरच्या चिन्हावरून माउंटचे पर्याय उघडा, वरचं 'युझर सेशन डीफॉल्ट्स' बंद करा आणि माउंट पॉइंट (ड्राइव्ह जिथे दिसेल ते फोल्डर) म्हणून साधं, स्पेस नसलेलं नाव द्या. एफएसटॅबमधली ओळ ते स्वतः लिहितं. ओळख मात्र यूयूआयडीनेच, म्हणजे पार्टिशनच्या स्वतःच्या क्रमांकानेच ठेवा. एसडीबी१ सारखी नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात, पुढच्या बूटला बदलू शकतात.

भीतीबद्दल: पर्यायांत 'नोफेल' हा शब्द आहे ना, एवढं नक्की बघा. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टीमडी (बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) साधारण ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अवस्थेत नेतं. लोक घाबरतात ते यालाच. 'नोफेल' असेल तर डिस्क काढून ठेवली तरी मशीन सुरू होतं. तरीही मूळ एफएसटॅबची एक प्रत आधी काढून ठेवा आणि रीस्टार्टच्या आधी टर्मिनलमध्ये 'सुडो माउंट -ए' चालवा. चूक असेल तर ती तिथेच कळते, बूट होताना नाही.

प्रतिसाद २
विंडोज शेजारी आहे म्हणून एक भर. तिथलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना शट डाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं. एनटीएफएस ड्राइव्ह तशा अवस्थेत राहिली तर लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं किंवा माउंटच करत नाही. अशा वेळी जबरदस्तीने लिहायच्या फंदात पडू नका, फोटो गमवाल.

फाइलींची मालकी रूटकडे (सिस्टीमच्या मुख्य खात्याकडे) दिसली तर पर्यायांत 'यूआयडी=१०००' आणि 'जीआयडी=१०००' जोडा. उबुंटूवर पहिल्या युझरचा क्रमांक सहसा हाच असतो, टर्मिनलमध्ये 'आयडी' टाकून खात्री करा.

प्रतिसाद ३
डॉट-डेस्कटॉप फाइलचं: तिला एक्झिक्यूटची परवानगी द्या, मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'अलाउ लाँचिंग' निवडा. काय चालवायचं ते सांगणाऱ्या 'एक्झेक'च्या ओळीत पूर्ण पाथ लिहा. होम फोल्डरसाठीचं टिल्ड चिन्ह तिथे चालत नाही, बरेचजण इथेच अडतात. मी स्वतः अशा फाइली होममधल्या डॉट-लोकल, शेअर, अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये ठेवतो. मग प्रोग्रॅम मेनूत आणि शोधात येतो, डॉकवरही लावता येतो. डेस्कटॉपवर आयकॉन मांडण्यापेक्षा मला हे कितीतरी सोयीचं वाटतं.

धागाकर्ता
झालं! सुरुवातीला ड्राइव्हवर लिहिता येत नव्हतं, कारण फास्ट स्टार्टअपच होतं. माउंटची जागा बदलल्यामुळे जुनी लिंक काढून नव्याने केली, आता लॉगिन होताच गाणी हजर असतात. मनापासून आभार. बॅकअपची बाहेरची डिस्क कधीतरीच जोडतो, तिलाही हेच करू का?

प्रतिसाद १
तिच्या ओळीत 'नोफेल'बरोबर 'एक्स-सिस्टीमडी.ऑटोमाउंट' घाला. मग त्या फोल्डरमध्ये शिराल तेव्हाच ती माउंट होईल. पेनड्राइव्ह मात्र एफएसटॅबमध्ये घालू नका, त्या डेस्कटॉप आपणहून सांभाळतो.