मदत हवी आहे: एक्सेलमध्ये मजकुराला जोडलेल्या तारखेचा भलताच आकडा होतो

नमस्कार मंडळी,

नेरुळला आमची सिडकोच्या काळातली जुनी सोसायटी आहे, ४८ घरं. जानेवारीपासून खजिनदारपद माझ्याकडे आलं. थकबाकीची पत्रं आधी हाताने लिहायचे, मी ती एक्सेलमधून काढायला घेतली. बी कॉलममध्ये नाव, डी मध्ये रक्कम, ई मध्ये मुदतीची तारीख. एफ मध्ये हा फॉर्म्युला (फोनवरून लिहितेय, म्हणून सगळं देवनागरीत):

="श्री./श्रीमती "&बी२&", आपली थकबाकी ₹"&डी२&" आहे. कृपया "&ई२&" पर्यंत भरावी."

आणि एका पत्रात आलं: "आपली थकबाकी ₹११२५००.३३३३३३३३३ आहे. कृपया ४५७४७ पर्यंत भरावी."

डी आणि ई मध्ये सगळं नीट दिसतंय. रक्कम १,१२,५००, तारीख ३१-०३-२०२५. जोडलं की बिघडतं.

माझ्या लक्षात येईपर्यंत तीन पत्रं वाटून झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा सकाळी पासबुक घेऊन दारात उभे. "बाई, माझी बाकी बारा हजार की पंचेचाळीस हजार?" ४५७४७ ही त्यांना रक्कमच वाटली. रात्री झोप लागली नव्हती त्यांना. मला फार वाईट वाटलंय, म्हणून बाकीची पत्रं थांबवून इथे विचारतेय.

रक्कम लाखाच्या स्वल्पविरामासकट हवी, तारीख तारखेसारखी हवी, आणि पत्रात फक्त रक्कम ठळक करता आली तर फारच बरं. आमच्याकडे निम्मे सभासद साठीच्या पुढचे आहेत. शिवाय इमारत/खोली असा घर नंबर टाकला तर ५/३ चं ०५-मार्च होतं, त्याचंही सांगा.

प्रतिसाद – तलावपाळीकर

ताई, फॉर्म्युला चुकलेला नाही. सेलमध्ये दिसतो तो वरचा वेश, आत फक्त आकडा असतो. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजतं, त्या हिशेबाने ३१ मार्च २०२५ म्हणजे ४५७४७. अँडच्या चिन्हाने जोडताना आतला आकडा जातो, वेश मागेच राहतो. म्हणून जोडायच्या आधी प्रत्येक तुकड्याला टेक्स्ट फंक्शनमधून काढा. ई२ च्या जागी:

टेक्स्ट(ई२,"डीडी-एमएम-वायवायवायवाय")

फंक्शनचं नाव, अक्षरं, शून्य, सगळं इंग्रजीत टाइप करा. देवनागरी शून्य टाकलं तर एक्सेल त्याला साधं अक्षर समजतं. महिन्याचं नाव मराठीत हवं असेल तर एमएमएमएम च्या आधी चौकटी कंसात डॉलर, वजाचं चिन्ह आणि ४४ई लिहा, "मार्च" येईल. मी आमच्या वर्गणीच्या पावत्यांवर हेच वापरतो.

रकमेला टेक्स्ट(डी२,"#,##०") पुरतं, पण कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असेल तर ११२,५०० येईल. मग हे वापरा:

टेक्स्ट(डी२,"[>=१०००००]#\,##\,##०;#,##०")

लाखापुढे पहिला साचा, खाली दुसरा. एक कोटीच्या आतल्या रकमेला बरोबर चालतं. पैसे यात गोल होतात, पण फक्त दिसण्यात. पावती आणि पत्र जुळायला हवं असेल तर डी मध्येच राउंड करा.

घर नंबराचं एवढंच, की तो कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅट करा आणि मग नंबर पुन्हा भरा. आधी तारीख झालेले नंबर नुसतं फॉरमॅट बदलून परत येत नाहीत, उलट पाच आकडी संख्या दिसायला लागते.

प्रतिसाद – ऐरोलीहून

ठळक करण्याबद्दल. फॉर्म्युल्याच्या उत्तरातला एकच तुकडा बोल्ड किंवा लाल करता येत नाही. केला तर अख्खा सेल. तुकडा रंगवायचा तर कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज पेस्ट कराव्या लागतात, मग तो साधा मजकूर होतो आणि रक्कम निवडून बोल्ड करता येते. पण ४८ पत्रांना हे हाताने करू नका. आणि व्हॅल्यूज झाल्यावर कोणी पैसे भरले तरी पत्रातली रक्कम बदलणार नाही, हा खरा धोका.

वर्डचं मेल मर्ज वापरा, म्हणजे एकाच साच्यात एक्सेलच्या यादीतली नावं-रकमा भरून सगळी पत्रं निघतात. एकच गोष्ट सांभाळा. मेल मर्जही आतला आकडाच उचलतं, तारीखसुद्धा अमेरिकन पद्धतीने महिना आधी घेऊन येते. म्हणून एक्सेलमध्ये जी आणि एच असे दोन नवे कॉलम करा, त्यात वरचे दोन टेक्स्ट फॉर्म्युले ठेवा, आणि वर्डमध्ये तेच कॉलम घ्या. तिथे रकमेचं फील्ड निवडून एकदा बोल्ड केलं की सगळ्या पत्रांत ठळक येतं. अक्षरही मोठं करता येईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्यांदा वर्डमध्ये ०३-३१-२०२५ सारखं काहीतरी आलं, मग लक्षात आलं की मी ई कॉलमच घेतला होता. एच घेतल्यावर नीट झालं. रक्कम १६ च्या अक्षरात ठळक ठेवलीय. छापायच्या आधी पाच पत्रं वहीशी पडताळली.

आजोबांचं नवं पत्र मी स्वतः नेऊन दिलं आणि जुनं परत मागून घेतलं. त्यांनी चष्मा लावून आकडा मोठ्याने वाचला, "बारा हजार चारशे", आणि लगेच चेकबुक काढायला उठले. मी म्हटलं, काका, मुदत ३१ मार्चची आहे, सावकाश भरा.