उसाच्या बेण्याचा दाखला
चिकोडी-रायबागकडं उसाचं बेणं लावतात तेही क्लोनिंगच (एकाच जिवाची हुबेहूब प्रत काढणं), मग माणसाच्या क्लोनिंगचंच वावडं का, असं काही जण विचारतात. हा मुद्दा अर्धाच बरोबर. टिपरीचा (बेण्याच्या तुकड्याचा) डोळा फुटला नाही तर नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरता येतात. माणसात नांगी म्हणजे कुणाचा तरी गर्भपात. डॉली या क्लोन मेंढीच्या वेळी (१९९६) केंद्रक काढलेल्या २७७ बीजांडांत कासेतल्या पेशी विजेच्या झटक्यानं मिसळल्या, २९ भ्रूण १३ मेंढ्यांत सोडले, कोकरू एकच. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चिनी क्लोन माकडांत ७९ भ्रूण, २१ माद्या, जगली दोन. तीही गर्भाच्या पेशींपासून. गोम अशी, की शरीरपेशीत बंद पडलेली जनुकं बीजांडात पुरती उघडत नाहीत, मग वार (गर्भाला पोसणारा अवयव) बिघडते.

क्लोन माणसात 'आत्मा कुणाचा' हा वाद नंतर घाला हो. आधी बीजांडं द्यायला आणि गर्भ वाढवायला इतक्या बायका कुठून आणणार आणि त्यांची संमती नेमकी कशाला घेणार, ते सांगा.