नोकरी सोडण्याआधी झोपेचा हिशोब करा

मुंबईत नोकरी करून कुस्ती खेळणाऱ्या एकाने विचारलंय, नोकरी सोडून दोन वर्षं फक्त कुस्ती करावी का? त्यावर बहुतेकांनी 'हिंमत कर, सोड' असं लिहिलंय. मला हे पटत नाही. मुंबईत घरभाडं थांबत नाही आणि दूध, तूप, बदाम, अंडी यांचा खुराकही थांबवता येत नाही. पगार बंद झाला की पहिली कात्री खुराकाला लागते, मग मेहनत अंगाला लागत नाही.

पैलवान खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. तिथे जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आणि १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. पदक होतं, तरी पोटापाण्यासाठी नोकरी लागलीच.

नोकरी सांभाळून कुस्ती करताना खरी अडचण वेळेपेक्षा झोपेची आहे. पहाटे जोर-बैठका, दिवसभर काम, संध्याकाळी तालमीत सरावाच्या लढती आणि मग गच्च भरलेल्या लोकलमध्ये उभं राहून घरी. मांड्या थरथरत असतात, हाताची पकड इतकी गेलेली असते की वरची कडीसुद्धा धरवत नाही. अशा दमलेल्या अंगाने दुसऱ्या दिवशी खडाखडी (उभ्याने हात-मानेची पकडापकडी) केली की गुडघा नाहीतर खांदा जातो. म्हणून लढती आठवड्यातून तीनच दिवस ठेव, बाकीचे दिवस फक्त मेहनत आणि डावांचा सराव. रात्रपाळी असेल तर ती मात्र बदलून घेच, आणि खोली शक्यतो तालमीजवळ बघ, लहान असली तरी चालेल.

वय बसत असेल तर राज्य सरकारच्या भरतीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण बघ. त्यासाठी कोणत्या स्पर्धा ग्राह्य धरतात ते आधी क्रीडा कार्यालयात विचार, मगच स्पर्धा निवड.