मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल उतरलं, तरी हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. हे मंडळात कसं समजावू?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्या भागातल्या महिला मंडळाने ‘पाळी गेल्यानंतरचं हृदय’ या विषयावर पाऊण तास बोलायला सांगितलंय. बायका पंचेचाळीस ते सत्तरच्या, आणि नुसतं ‘तेल कमी खा, रोज चाला’ सांगितलं तर सोडणाऱ्यातल्या नव्हेत. म्हणून शिकागोचे हृदयरोग-संशोधक जेरेमाया स्टॅमलर यांच्या कामावरून बोलायचं ठरवलं, आणि तिथेच गाडी अडलीय.

पाळी सुरू असलेल्या बायकांना हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी येतो आणि पाळी गेली की हा फरक घटत जातो, हे डॉक्टरांना केव्हाचं दिसत होतं. शिकागोच्या मायकेल रीझ हॉस्पिटलात लुईस कॅट्झ यांच्या प्रयोगशाळेत स्टॅमलर आणि रूथ पिक यांनी ते कोंबड्यांवर तपासलं. खाद्यात कोलेस्टेरॉल मिसळलं की कोवळ्या कोंबड्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर धरतात. सोबत इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोनही दिलं, तर हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्या, म्हणजे कोरोनरी, स्वच्छ राहिल्या. हे निष्कर्ष १९५२ मध्ये छापून आले. आधी रोग होऊ दिला आणि मग इस्ट्रोजेन दिलं, तर धरलेले थर कमीही झाले. गंमत म्हणजे या कोंबड्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल चढलेलंच होतं, आणि महाधमनीतले थरही टळले नाहीत. वाचल्या फक्त कोरोनरी.

पुढे हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन पाहिलं. त्यांची छाती वाढली, कामेच्छा गेली. १९६६ मध्ये अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची मोठी चाचणी सुरू झाली. त्यात हार्ट अटॅक येऊन गेलेले ८,३४१ पुरुष होते, वय ३० ते ६४. कोलेस्टेरॉल उतरवणारी वेगवेगळी औषधं विरुद्ध औषध नसलेली गोळी, असा सामना होता. इस्ट्रोजेनचा मोठा डोस १९७० मध्ये थांबवावा लागला, कारण अटॅक आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. छोटा डोसही १९७३ मध्ये बंद झाला.

बायकांचीही तीच कथा. १९९८ च्या हर्स चाचणीत हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका होत्या. हार्मोनच्या गोळ्यांनी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ११ टक्के उतरलं, आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’, १० टक्के चढलं. रिपोर्ट पाहून कुणीही खूश व्हावं! पण अटॅक दोन्ही गटांत जवळपास सारखेच, आणि पहिल्या वर्षात तर गोळीवाल्या गटात जास्त.

म्हणजे कोंबडीचं कोलेस्टेरॉल चढलेलं असून वाहिन्या स्वच्छ, आणि माणसाचं कोलेस्टेरॉल उतरलेलं असून अटॅक तेवढेच. हे असंच्या असं सांगितलं तर सभागृहातून एकच निष्कर्ष निघणार. माझे दीर तो आठवड्यातून एकदा व्हॉट्सअॅपवर पाठवतातच: ‘कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड आहे’. मला ते नकोय, पण कोंबड्या गाळायच्याही नाहीत. हे दोन्ही एकाच पाऊण तासात कसं बसवू? जाणकारांनी कृपया सांगावं.

लॅबवाली

ताई, विषय झकास निवडलात. सुरुवात यकृतापासून करा, गुंता तिथेच सुटतो.

गोळी पोटातून आतड्यात जाते आणि तिथलं रक्त आधी यकृतात येतं. इस्ट्रोजेनमुळे यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारी ग्राहकं (रिसेप्टर) वाढतात. रक्तातलं एलडीएल ओढून घेतलं जातं आणि आकडा उतरतो. पण रक्त गोठवणारे घटक बनवणारा कारखानाही तेच यकृत. इस्ट्रोजेन त्यातले काही वाढवतं, आणि गोठणं आवरणारे काही घटक कमी करतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतात ते वेगळंच.

आता हार्ट अटॅक म्हणजे काय? वाहिनीतला जुना थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि रस्ता बंद होतो. एलडीएलचा परिणाम थर बनण्यावर, तो वर्षानुवर्षं चालणारा. गुठळीचा परिणाम आजचा. आधीच भरलेल्या वाहिन्यांच्या माणसाला गोळी दिली, तर फायदा दिसायला वर्षं लागणार, नुकसान पहिल्याच महिन्यांत. हर्समधलं पहिलं वर्ष मोठ्या अक्षरांत दाखवा.

चुलीवरचा चहा

म्हणजे दीर थोडे तरी बरोबरच की! आकडा उतरून अटॅक कमी होत नसेल, तर आकड्याला घाबरायचं कशाला?

लॅबवाली

नाही हो, चहावाले. आकडा *कशाने* उतरवला ते बघा. १९९४ ची स्कँडिनेव्हियातली चाचणी घ्या. हृदयविकाराच्या ४,४४४ रुग्णांत सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या औषधाने एलडीएल ३५ टक्के उतरलं आणि मृत्यू ३० टक्के कमी झाले. नंतर एझेटिमाइब या दुसऱ्या औषधानेही अटॅक कमी केले, आणि ते स्टॅटिनपेक्षा पूर्ण वेगळ्या वाटेने काम करतं, आतड्यात. एलडीएल उतरवणाऱ्या दोन निराळ्या औषधांनी एकच फळ दिलं, तर श्रेय एलडीएलला द्यावंच लागतं. इस्ट्रोजेन एलडीएल उतरवतं, पण सोबत गुठळ्याही आणतं. औषध एकच काम करतं असं थोडंच असतं!

ताई, कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमधलंच आणखी एक हार्मोन घ्या: डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, थायरॉइडच्या हार्मोनचा आरशातला भाऊ. त्यानेही कोलेस्टेरॉल उतरत होतं. मृत्यू जास्त दिसू लागले म्हणून १९७१ मध्ये तेही थांबवलं. यातून बायकांच्या कामाची गोष्ट निघते. थायरॉइड मंदावला की एलडीएल पकडणारी ग्राहकं कमी होतात आणि कोलेस्टेरॉल चढतं. पन्नाशीत एकदम आकडा वाढला तर सगळं खापर पाळीवर फोडू नका, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. आमच्याकडे लिपिड प्रोफाइलला आलेल्या किती बायकांनी टीएसएच कधीच केलेलं नसतं, विचारू नका.

आकडेमोड

मी संख्याशास्त्रातला, हृदयातलं फार कळत नाही. पण मधला एक दुवा राहिलाय. पुरुषांवर इस्ट्रोजेन फसल्यावरही बायकांना ते हृदयासाठी वर्षानुवर्षं का दिलं गेलं?

कारण निरीक्षणातल्या अभ्यासांत ते छान दिसत होतं. अमेरिकेतल्या नर्सेसचा मोठा अभ्यास १९७६ ला सुरू झाला. हार्मोन घेणाऱ्या नर्सेसना हृदयविकार बराच कमी, असं त्यांनी १९८५ मध्ये छापलं. मजा म्हणजे *त्याच* मासिकाच्या *त्याच* अंकात अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासाने उलटं छापलं: हार्मोन घेणाऱ्यांत हृदयरोग जास्त. जगाने पहिलं उचललं, दुसरं विसरलं. तुमच्या बायकांना हे नक्की आवडेल.

हार्मोन घेणाऱ्या बायका मुळात जास्त शिकलेल्या, सडपातळ, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. शिवाय बऱ्याच जणी आधीपासून गोळी घेतच होत्या. पहिल्या वर्षात ज्यांना त्रास झाला, त्या या हिशेबात आल्याच नाहीत. २००८ मध्ये नर्सेसचीच माहिती चाचणीसारखी मांडून, म्हणजे गोळी सुरू केल्या दिवसापासून मोजून पाहिली, तर चित्र चाचणीच्या बरंच जवळ आलं.

आणि २००२ चे आकडे सांगताना टक्के नका सांगू. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकी चाचणीत १६,६०८ बायका होत्या, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र. पेपरांनी ‘हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढला’ छापलं आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकल्या. प्रत्यक्षात दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३७. सात जास्त. निरोगी बाईला हृदयाच्या *बचावासाठी* द्यायची गोळी असेल, तर सातही फार. पण रात्री घामाने चिंब होऊन उठणाऱ्या बाईने घाबरून मरावं इतकंही नाही.

धागाकर्ती

लॅबवाली, आकडेमोड, दोघांचे मनापासून आभार. एकच अंक, दोन उलट निकाल, हे तर पहिल्या पाच मिनिटांतच सांगणार.

पण एक शंका उरते. २००२ च्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणून उशीर झाला, वाहिन्या आधीच बिघडलेल्या होत्या, असं म्हणतात. मग कोंबड्यांचं काय? त्यांना तर रोग झाल्यावर इस्ट्रोजेन दिलं आणि तो मागे हटला. तिथे उशीर आडवा आला नाही का?

लॅबवाली

तुमच्या वर्गातले विद्यार्थीही तुमच्यासारखेच प्रश्न विचारतात का?

कोंबडीतला थर आठवड्यांत धरलेला, ताजा, चरबीने भरलेल्या पेशींचा. साठीच्या बाईचा थर तीस-चाळीस वर्षांचा. त्यात चुना साचलेला, आत मेलेला भाग, वर पातळ टोपी. पहिला विरघळू शकतो, दुसऱ्याला छेडलं तर फुटू शकतो. शिवाय कोंबडीला फुटलेल्या थरावरच्या गुठळीने अटॅक येत नव्हता, त्यामुळे इस्ट्रोजेनची वाईट बाजू त्या प्रयोगात दिसायला जागाच नव्हती. प्रयोग चूक नव्हता, त्याने विचारलेला प्रश्न लहान होता.

लवकर-उशिराचं म्हणाल तर २०१६ ची एलिट चाचणी बघा. ६४३ बायका, पाळी जाऊन सहा वर्षांच्या आतल्या आणि दहा वर्षांच्या पुढच्या. मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग इस्ट्रोजेनने पहिल्या गटात कमी केला, दुसऱ्यात नाही. पण ती भिंतीची जाडी आहे, अटॅक नव्हेत. तेवढं सांगायला विसरू नका.

चुलीवरचा चहा

बरं, हरलो. पण त्या स्टॅमलरांचं पुढे काय झालं? कोंबड्या फसल्या म्हणून गप्प बसले?

धागाकर्ती

छे! मग मीठ धरलं. १९८८ ला छापलेल्या इंटरसॉल्टमध्ये ३२ देशांतल्या दहा हजारांवर लोकांची लघवी चोवीस तास गोळा केली. आपल्याकडची लडाख आणि नवी दिल्ली ही केंद्रं होती त्यात. त्याआधी १९६५ मध्ये अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी समितीने बोलावलं, तर साक्ष द्यायला साफ नकार देऊन समितीलाच कोर्टात खेचलं. १०२ वर्षं जगले, २०२२ मध्ये गेले. ऐंशीच्या दशकात जगाने हार्मोनच्या बाजूने वाहवत जावं आणि या माणसाने पुरुषांवरचा निकाल हातात घेऊन पुढे निघून जावं, हे मला फार भावतं.

शेवटचा प्रश्न. कुणीतरी हमखास विचारणार, ‘मग मी गोळी घेऊ का?’ उत्तर काय देऊ?

लॅबवाली

‘हृदयासाठी नको’ हे ठणकावून सांगा. निरोगी बाईने दुखणी टाळायला हार्मोन घेऊ नये, असंच अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाचंही म्हणणं आहे. अंगाची लाही आणि घाम यांनी जीव नकोसा झाला असेल, वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलावं. कातडीवर लावायची पट्टी किंवा जेल यांचं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून जातं, गुठळ्यांचा धोका त्यात कमी दिसलाय. तेही विचारायला सांगा. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढतं.

आणि ताई, त्या दिवशी मंडळात बीपी मोजायचं मशीन ठेवा. भाषण संपल्यावर रांग लागेल, बघा.