मोकळा कुत्रा अंगावर येतो, मालक म्हणतात "काही करत नाही"! मदत हवी आहे

रानजाई
जरा लवकर सांगा, उद्या सकाळी पुन्हा गाठ पडणार आहे. बागेत एक काका कुत्रा मोकळा सोडतात. तो थेट चिकूवर धावून येतो. मी लांबूनच "पट्टा लावा" म्हणून ओरडते, तर उत्तर ठरलेलं, "अहो, काही करत नाही तो, खेळायला येतो." आज झटापट झालीच. वर मलाच ऐकवलं, तुमचीच भित्री आहे म्हणून. या माणसाशी बोलायचं कसं?

पायवाट
चिकू म्हणजे कुत्री ना? वय? पट्ट्यात होती का?

रानजाई
हो, कुत्री. दोन वर्षांची. पट्ट्यातच होती, ते सांगायला हवं का?

जुनाजाणता
३० वर्षं कुत्री पाळतोय. त्यांचं त्यांना निस्तरू द्यावं. समोरच्याची शेपूट हलत असेल तर घाबरायचं कारणच नाही.

सांजवारा
अजिबात असहमत. शेपूट उंच, ताठ आणि झपझप हलत असेल तर तो ताणही असू शकतो. शिवाय पट्ट्यातल्या कुत्रीला पळून जाता येत नाही. ती आधी जांभया देते, ओठ चाटते, तोंड फिरवते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. तेही कुणी पाहिलं नाही की गुरगुरते. त्यावर तिला रागावू नका, नाहीतर गुरगुरणं सोडून थेट चावायला शिकेल.

निळाई
मुळात कुत्री बागेत आणायचीच कशाला? माझी मुलगी घसरगुंडीपर्यंत जायला घाबरते. आणि घाण उचलणारे किती, तेही सांगा.

आडवाट
छातीचा पट्टा घ्या, गळ्याचा नको. आमच्याकडे ओढाओढ पूर्ण थांबली.

पायवाट
इथे ओढाओढीचं कुणी विचारलेलं नाही. रानजाई, झटापट म्हणजे नेमकं काय? कुणाला लागलं?

रानजाई
चिकूला काही नाही. मी मध्ये हात घातला, बोटाला त्याचा दात लागला. थोडं रक्त आलं, पाण्याखाली धरून पट्टी लावली. पण प्रश्न काकांचा आहे.

सांजवारा
हे आधी सांगायचं! पट्टी काढा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. रेबीज लाळेतून येतो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

जुनाजाणता
पाळीव आहे, लस असणारच. मला कितीदा दात लागलेत.

सांजवारा
"असणारच"वर दुसऱ्याचा जीव लावू नका.

रानजाई
मी मागे रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स घेतला होता. तरी जायचं?

पायवाट
तरीही. आधी पूर्ण कोर्स झाला असेल तर सहसा दोनच इंजेक्शनं लागतात, आज आणि तीन दिवसांनी. जुन्या तारखा डॉक्टरांना सांगा. काकांकडे कुत्र्याच्या लसीची नोंद मागा आणि १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा, पण इंजेक्शन त्यासाठी थांबवू नका. पट्ट्याचा विषयही तेव्हाच काढा, जखमी बोट दाखवून.

रानजाई
इंजेक्शन घेतलं. आज सकाळी काकांना गाठलं. वही दाखवली त्यांनी, लसीची तारीख उलटून गेलेली. बोट बघून गप्पच झाले. पट्ट्याचं विचारलं तर "बघू" म्हणाले. चिकू मात्र फाटकातच थरथरत बसली, आत येईना.

सांजवारा
ओढून आत नेऊ नका. ती जिथे निवांत उभी राहते तितक्याच अंतरावर काही दिवस फिरवा, खाऊ द्या.